वन्संच्या गळ्यातली माळ

अर्धे मटार सोलून झाले होते. मांडीवर परात, बाजूला टरफलांसाठी पसरलेलं जुनं वर्तमानपत्र, आणि समोरच्या खुर्चीत वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय ऐंशी. दारात माणूस उभं आहे की पडदा हलतोय, एवढंच त्यांना आता डोळ्यांनी कळतं, पण माझ्या कामावरची देखरेख काही सुटलेली नाही. "ती शेंग रिकामी म्हणून टाकलीस ना? एक दाणा आहे तिच्यात," असं शेंग पडल्याच्या आवाजावरून मधूनच म्हणतात. मी उचकटून पाहते. दाणा असतो.

"चहाचं बघतेस का आता?" म्हणत त्या उठायला गेल्या आणि गळ्यातली माळ खुर्चीच्या दांड्यात अडकली. तटकन आवाज झाला. निळे काचेचे मणी स्वयंपाकघरभर उधळले. काही कपाटाखाली गेले, काही दाराकडे धावले, काही माझ्या परातीत मटारांत जाऊन बसले.

"हलू नकोस!" वन्सं ओरडल्या.

"मी कुठे हलतेय? तुम्हीच हलू नका. पायाखाली मणी आला तर तुमची हाडं गोळा करत बसावं लागेल मला."

"आधी मणी गोळा कर. हाडं काही पळून जात नाहीत."

मी गुडघ्यांवर बसून गोळा करू लागले. दहा-बारा मणी हाती आले, मग खुर्चीच्या पायाशी पडलेला दोरा दिसला. तो उचलला, उजेडात धरला, बोटांतून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला, आणि तशीच फरशीवर बसून राहिले. का, ते सांगायचं तर बरंच मागे जायला हवं. नाहीतरी वन्संबद्दल एकदा नीट लिहायचं बरेच दिवस मनात आहे. माझी रोजची वही असते. देवाचं नाव, दूधवाल्याचा खाडा आणि घरात काय घडलं, एवढंच तीत असतं. वन्सं त्या वहीत रोज आहेत, पण तुकड्यातुकड्यांनी. आज सलग लिहिते.

मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा वन्सं कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून झालेला शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्या त्याचं एकेक बटण चिमटीत धरून ओढायच्या. बटण हातात आलं की शर्ट नापास. तीस वर्षं हेच काम. मग ती सवय घरीही यायचीच. पाहुण्याशी बोलता बोलता त्याच्या कोटाचं बटण ओढून पाहायच्या. उशीचे बंद, पिशवीचे कान, कपाटाच्या मुठी, काही सुटायचं नाही.

त्यांच्या लग्नाची बोलणी मोडली तीही अशीच, असं सासूबाई सांगायच्या. मुलगा चांगला होता, नोकरी पक्की होती, सगळं जमत आलं होतं. निघताना वन्संनी सहज त्याच्या बाहीचं बटण ओढलं आणि ते आलं हातात. सगळे हसले. मुलगा हसला नाही, वन्संही हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे सुई-दोरा मागवला, बटण लावून दिलं, आणि तो गेल्यावर आईला म्हणाल्या, "नको. लावून दिल्यावर त्याने ते एकदा ओढूनसुद्धा पाहिलं नाही."

सासूबाई हे सांगताना कपाळावर हात मारून घ्यायच्या. वन्सं म्हणायच्या, "बरंच झालं की. नाहीतर जन्मभर एकाच माणसाची बटणं लावत बसले असते."

कारखान्यातले नापास शर्ट दर वर्षी गाडीत भरून मुलांच्या घरी जायचे. गावाबाहेर, विटांच्या लांबट इमारतीत, आईबाप नसलेली पस्तीस-चाळीस मुलं राहायची. एका वर्षी गाडीबरोबर वन्संना पाठवलं. आपण नापास केलेले शर्ट मुलांच्या अंगावर पाहून त्या घरी आल्या त्या जेवल्याच नाहीत. "मी नापास केला की तो शर्ट कुणी घालत नसेल, असंच मला वाटायचं," एवढंच बोलल्या. पुढच्या रविवारी सुया, दोरा आणि डबाभर बटणं घेऊन एकट्याच गेल्या.

तिथे सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. एका पायावर सारखी गिरक्या घ्यायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिने शर्टांची गळलेली बटणं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. वन्संनी सवयीने ती माळ चिमटीत धरली आणि ओढली. दोरा तुटला, बटणं अंगणभर झाली, आणि भिंगरीने असा काही टाहो फोडला की वॉर्डनबाई ऑफिसातून धावत आल्या. वन्सं पायरीवर बसल्या. एकेक बटण वेचून माळ पुन्हा ओवली, आणि या वेळी दर बटणापुढे एक गाठ मारली. "आता ओढ," म्हणाल्या. भिंगरीने नाक पुसलं आणि दोन्ही हातांनी ओढली. माळ टिकली. मग बाकीच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनाही हव्या होत्या.

आमच्या घरातला दागिन्यांचा कारभार त्या पायरीवर सुरू झाला. आधी बटणांच्या माळा, मग लाकडी मण्यांच्या, मग काचेच्या. कानातली, बांगड्या. शनिवारी वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी घडीचं टेबल टाकून वन्सं बसायच्या आणि जे काही यायचं ते मुलांच्या घराला जायचं. पण तसं त्या टेबलावर कुठेही लिहिलेलं नसायचं. एकदा वॉर्डनबाई पाटी रंगवून घेऊन आल्या, 'अनाथ बालकांच्या मदतीसाठी'. बरोबर दोन मुलांना तेल लावून, भांग पाडून आणलं होतं, टेबलाशी बसवायला. वन्संनी पाटी उलटी केली, तिच्या कोऱ्या बाजूवर कानातली मांडली, आणि मुलांना आत चित्रांची पुस्तकं बघायला पिटाळलं.

"अहो, लोकांना कळायला नको का कशासाठी आहे ते?" वॉर्डनबाई हिरमुसल्या.

"कळलं की लोक दया करतात. दया करून घेतलेली माळ घरी जाऊन खणात पडते. मला गिऱ्हाईक हवंय. आवडली म्हणून घेऊ दे, गळ्यात घालू दे, शेजारणीने विचारू दे कुठून आणलीस म्हणून."

"आणि तुटली तर?"

"तुटू दे. एकच मणी पडेल."

ही वन्संची गाठीची पद्धत. एका माळेत एकसष्ट मणी. दर मण्यापुढे रेशमी दोऱ्याची गाठ सैल मारायची, तिच्यात सुईचं टोक घालायचं, सुईनेच ती मण्याच्या अगदी कुशीत सरकवायची, मग सुई काढून दोरा ताणायचा. मणी मण्याला लागत नाही, त्यामुळे दोरा घासत नाही, आणि माळ वाजतही नाही. "गाठीची माळ मुकी असते," वन्सं म्हणायच्या. मला त्यांनीच शिकवलं. त्यांची माळ तासात व्हायची. मला तीन तास लागायचे, आणि त्यातही चार गाठी त्या उसवायला लावायच्या.

काय दुपारी होत्या त्या! जेवणाची भांडी घासून मी मागच्या खोलीत जायची. खिडकीतून ऊन बरोबर टेबलावर यायचं. बशांमधून मणी ठेवलेले असायचे, रंगारंगांचे, आणि ऊन पुढे सरकलं की एकेक बशी पेटल्यासारखी दिसायची. कपाटावरचा रेडिओ हळू आवाजात चालू असायचा. मी दर गाठीला मनात देवाचं नाव घ्यायची. ओठ हललेले वन्संना दिसायचे. "अगं, त्याला इतक्या हाका मारू नकोस, तोही कामात असेल," म्हणायच्या. मी वहीत काहीतरी टिपायला उठले की, "लिहा, चित्रगुप्त, लिहा. माझ्या खात्यावर काय काय चढलं ते वाचून दाखवा." मग दोघी हसायचो. रागवण्यासारखं त्या रोज काहीतरी बोलायच्या, पण राग कधी आल्याचं आठवत नाही. आता त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि जादाच्या गाद्या आहेत. ऊन मात्र त्याच वेळेला तिथेच येतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वन्सं नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मुलांच्या घराला वरून कागद आला की बारा वर्षांपुढच्या मुलींना वेगळी खोली हवी. नसेल, तर त्यांना मोठ्या शहरातल्या सरकारी वसतिगृहात हलवायचं. अशा सात मुली होत्या, त्यांत भिंगरी. ती तेरा वर्षांची झाली होती आणि तिचं गिरक्या घेणं बंद झालं होतं. खोलीच्या भिंती देणगीतून उभ्या राहिल्या, पण छप्पर आणि दार अडलं. महिनाअखेरीस अधिकारी पाहायला येणार. तोवर खोली झाली नाही तर सातही जणींची सामानाची ट्रंक निघणार, हे त्या मुलींनाही माहीत होतं. भिंगरीने वन्संना विचारलं होतं, "तिकडे रविवारी कुणी येतं का हो?"

दुसऱ्या दिवशी वन्सं माळांचा नमुना घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या कापडदुकानात गेल्या. दुकानदाराला माळ आवडली. नव्या हंगामाच्या कपड्यांबरोबर त्याला काचेत माळा लावायच्या होत्या. म्हणाला, पन्नास आणा, एका आठवड्याने सकाळी दहाला. पन्नास नसतील तर एकही नको, काच अर्धी रिकामी चालणार नाही. पन्नास माळांत छपराचे पत्रेही बसत होते आणि दारही.

तो आठवडा आम्ही घरात दुसरं काही केलं नाही. हे दोन्ही वेळ भात करायला शिकले. आणि शेवटच्या दोन दिवसांत वन्संना ताप आला. सपाटून. हात धरला तर भाजायचा. पंचेचाळीस माळा झाल्या होत्या, पाच बाकी होत्या. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेऊन वन्सं झोपल्या. आदल्या रात्री नऊ वाजता मी एकटी त्या टेबलाशी बसले. एका माळेला तीन तास म्हणजे पाचांना किती, हा हिशोब पहिलीतल्या पोरालाही येतो. मी पाच-सहा गाठी मारल्या. मग देवाजवळ गेले, हात जोडले, डोळे मिटले, आणि परत येऊन पाचही माळा बिनगाठीच्या ओवून मोकळी झाले. देवाने तसं सुचवलं, असं मी म्हणणार नाही. माझं मलाच सुचलं. तास-सव्वा तासात पाच झाल्या. डब्यात बाकीच्या माळांच्या मधोमध ठेवून दिल्या.

सकाळी वन्संचा ताप उतरला होता. "पन्नास?" त्यांनी विचारलं.

"पन्नास," मी म्हटलं.

"शाब्बास गं माझी बाई!" डबा घेऊन त्या पाच-दहा मिनिटं आत बसल्या, मग चप्पल घालून गेल्या. मी इकडे देवापुढून हलले नाही. दुपारी परत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बसलं छप्पर." जरा वेळाने म्हणाल्या, "आणखी सहा हव्यात त्याला, पुढच्या आठवड्यात." मी म्हटलं, आवडलेल्या दिसतात. त्या दिवशीची वही मी आज काढून पाहिली. लिहिलंय: 'आज पाच माळा. देवा, तुला माहीत आहे.' बस, एवढंच.

अधिकारी आला, फूटपट्टीने खोली मोजली, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि सही करून गेला. सातही मुली राहिल्या. भिंगरीने नव्या खोलीत इतक्या गिरक्या घेतल्या की भिंतीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं. आता ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, रविवारी येते आणि वन्संच्या तोंडात बॅटरी मारून त्यांनाच ओरडते. त्या खोलीत आज नऊ मुली राहतात.

आणि मी? ज्या पाच बायकांच्या गळ्यात माझ्या कच्च्या माळा गेल्या असतील, त्यांच्यासाठी रोज सकाळी देवाला सांगत आले, तुटू देऊ नको. मोठ्या रस्त्याने जाताना कुणाच्या गळ्यात निळी माळ दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. वन्संना सांगायचं कितीदा ओठांवर आलं. त्या समोर आल्या की गिळून टाकायची.

छप्पर बसलं त्याच आठवड्यात वन्संनी पहिल्यांदा स्वतःच्या गळ्यात माळ घातली. निळ्या मण्यांची. तोवर त्यांच्या अंगावर मनगटी घड्याळाखेरीज काही नसायचं. मला वाटलं, आनंद झालाय, केली असेल हौस. ती माळ पुढे गळ्यातून उतरली नाही. वन्सं घरात कुठे आहेत हे आम्हाला तिच्या टिकटिकीवरून कळायचं. मण्यावर मणी, टिक टिक, टिक टिक. हे म्हणायचे, "सरळ बसा रे, इन्स्पेक्टर येताहेत."

बावीस वर्षं मी ती टिकटिक ऐकली. आणि आज तो दोरा बोटांतून ओढला तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत होता. एकही गाठ नव्हती.

"वन्सं," मी फरशीवरूनच म्हटलं, "ही माळ माझी आहे."

"मग कुणाची असणार? माझी माळ कधी वाजते का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"डब्यावरून हात फिरवला आणि पाच माळा बोलायला लागल्या. तीस वर्षं बटणं ओढली मी. एवढं कळणार नाही?"

"मग त्या दुकानात गेल्या त्या..."

"गेल्याच नाहीत. पंचेचाळीस दिल्या त्याला. म्हणाला, पन्नास ठरल्या होत्या. म्हटलं, पाच कच्च्या निघाल्या, त्या मी विकणार नाही. त्याने डबा परत सरकवला माझ्याकडे. म्हणाला, मग राहू द्या सगळ्याच."

माझ्या हातातले मणी तसेच हातात राहिले. त्या सात मुलींची ट्रंक इतक्या जवळ येऊन गेली होती आणि मी इथे घरात हात जोडून बसले होते.

"मग काय झालं हो?"

"मग काय. नुकताच ताप उतरलेला. डोळ्यांसमोर ती भिंगरी उभी राहिली. म्हटलं, जातंच आहे तर नीट दाखवून जाऊ दे. त्याची कापडाची कात्री होती तिथे, हातभर लांब. एक चांगली माळ घेतली आणि मधोमध कापली. एक मणी पडला, बाकीचे जागच्या जागी. मग तुझी एक काढली, तीही कापली. अगं, काय सांगू! सगळं दुकान मण्यांनी भरलं. त्याची चारही माणसं जमिनीवर, एक गिऱ्हाईक बाई ओणवी, दुकानदार स्वतः टेबलाखाली. तिथूनच म्हणाला, बाई, ती कापलेली माळ मला द्या, काचेत टांगतो. लोकांना कळू दे आपला माल कसा आहे ते. पूर्ण पैसे दिले. उरलेल्या सहा आठवड्याने द्या म्हणाला."

"ते सहा!"

"ते सहा. तीन तुझ्याच होत्या, उसवून गाठी मारल्या. तूही बसली होतीस की गाठी मारायला, देवाचं नाव घेत घेत."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. "मला सांगितलं का नाहीत मग? बावीस वर्षं मी देवाला..."

"सांगितलं असतं तर तू पुन्हा सुई हातात धरली नसतीस. मला ओळखतेस तशी मीही तुला ओळखते. आणि तू सांगशील म्हणून वाट बघत होते मी. एक ठेवली गळ्यात, वाजत राहिली तर हिला आठवेल म्हणून. बाई, तुझे कान आहेत की बटणाची भोकं?"

"आणि ओढून पाहिली नाहीत ती? सगळं ओढून बघता."

वन्संचा हात रिकाम्या गळ्याशी गेला. "तेवढी एक नाही ओढली," म्हणाल्या. "मला वाटलं होतं आठवड्यात तुटेल. चांगली टिकली की गं."

तेवढ्यात हे चहा झाला का विचारायला आले आणि दारातच थबकले. मणी पायाखाली आला होता. "काय चाललंय? परीक्षा आहे का कसली?" म्हणाले, आणि मग न सांगता तेही गुडघ्यांवर बसले. दोन मणी मटारांत निघाले, एक वन्संच्या चपलेत. बशीत मोजले तर साठ भरले. कपाट हलवून पाहिलं, ओट्याखाली झाडू घातला. एकसष्टावा काही सापडला नाही.

"एक गेला," मी म्हटलं.

"एकच ना?" वन्सं म्हणाल्या. "गाठीची असती तरी तेवढाच गेला असता. उठ आता, चहा टाक. आणि या वेळी गाठी मार. मी शेजारी बसून हात लावून बघेन एकेक."

चहा झाला, मटार राहिलेले सोलून झाले. मागच्या खोलीतल्या गाद्या बाजूला करून टेबल मोकळं केलं. खणात सुया आहेत, दोऱ्याचं रीळ मात्र संपलेलं. उद्या सकाळी वन्संना घेऊन दोऱ्यांच्या दुकानात जायचं आहे. पांढरं रेशीम, जाड, एक रीळ.